जाऊबाईंच्या हातची चव

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे पाचवीत शिकवतात म्हणे. मी चौथीनंतर शाळेत गेले नाही, त्यामुळे ते राहून गेलं. कोणी वाचलंच तर माफ करावं. तसं वाचण्याची भीती नाही. मुलगी पाचवीपासून हिंदी शाळेत शिकली. तिला मराठी अडखळत वाचता येतं, पण माझ्या अक्षरातलं मराठी वाचायचं तर तिला रजा काढावी लागेल, आणि नर्सिंग कॉलेजात रजा मिळत नाहीत.

मला तोंडाने फार बोलता येत नाही. समोर चार माणसं असली की माझा आवाज घशातच बसतो. म्हणून लिहिते. कागद मध्येच ‘जरा मोठ्याने बोला’ म्हणत नाही.

आम्ही अकोल्याकडचे. नवरा गेला तेव्हा मुलगी पाचवीत होती, म्हणजे माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढे. नवऱ्याचे चुलतभाऊ केंद्र सरकारात साहेब. त्यांची तेव्हा नुकतीच जयपूरला बदली झाली होती. ते आणि जाऊबाई म्हणाले, चला आमच्याबरोबर, घरच्याच आहात. नात्याने ते माझे मोठे दीर, पण सगळे त्यांना साहेब म्हणतात म्हणून मीही साहेबच म्हणते.

तर मी घरची होते. खातीपुऱ्याच्या सरकारी बंगल्यात भांडी घासायला बाई येई. तिला पगार होता, रविवारी दुपारनंतर सुट्टी होती, दिवाळीला साडी आणि वर एका महिन्याचा पगार होता. मला साडी होती. घरच्या माणसाला पगार देणं म्हणजे त्याचा अपमान, असं जाऊबाईंचं मत. नऊ वर्षांत त्यांनी माझा एकदाही अपमान केला नाही. खोटं कशाला लिहू, मुलीच्या शाळेची फी त्यांनीच भरली. हे मी विसरत नाही. विसरायचं ठरवलं तरी जाऊबाई आठवण करून देत.

स्वयंपाक माझ्याकडे होता. जयपुरात आमची मराठी माणसं बरीच आहेत. कोणी बँकेत, कोणी विम्यात, कोणी कॉलेजात शिकवतं, काही डॉक्टर. सणावाराला सगळी साहेबांकडे जेवायला येत, कारण जाऊबाईंच्या हातची चव गावभर प्रसिद्ध होती. भरली वांगी, पाटवड्या, पुरणपोळी, कटाची आमटी. मी सकाळपासून ओट्याशी उभी असे. पाहुण्यांची गाडी फाटकात वाजली की जाऊबाई आत येत, परातीतलं थोडं पीठ मनगटाला लावून घेत आणि दमल्यासारखा चेहरा करून बाहेर जात. वाढायला त्याच. मी आत पोळ्या लाटत बाहेरचं ऐके.

“वहिनी, काय वांगी झालीत. तुम्हाला जमतं तरी कसं हो एवढ्यांचं?”

“अहो सवय. आणि माणसं आवडीने खाणारी असली की हात आपोआप चालतो.”

माझा हात तेव्हा तव्यावर चालत असे. मला राग येत नसे. बाहेर जाऊन एवढ्या माणसांपुढे ‘सवय’ म्हणायची वेळ आपल्यावर आली नाही, याचा उलट आनंदच होई. मी बुजरी आणि त्या बोलक्या. कामाची वाटणी तशी बरोबर होती. चूल माझ्याकडे, कौतुक त्यांच्याकडे.

मग भुवनेश्वरला बदली आली. साहेबांनी आधी दोनदा बदली थांबवून घेतली होती, या वेळी थांबली नाही. उन्हाळा संपायच्या आत बंगला रिकामा करायचा. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. चौकशी केली तर कॉलेज म्हणालं, मध्येच दुसऱ्या राज्यात जाता येत नाही, सोडायचं तर सोडा. जाऊबाई म्हणाल्या, “एवढं काय, तिकडे दुसरं काहीतरी शिकेल. शिवणकाम पण चांगलं असतं.”

मुलगी त्या दिवशी जेवली नाही. मी तिच्या खोलीत गेले. खोली म्हणजे कोठीघर. गव्हाच्या पत्र्याच्या पिंपावर तिचं टेबल होतं. ती म्हणाली, “आई, तू नोकरी शोध. आपण दोघी इथेच राहू.” इतक्या सहज म्हणाली, जणू नोकरी गव्हाच्या पिंपातच ठेवली होती. पण दुसरा रस्ता मलाही दिसत नव्हता. साहेब निघायच्या आत मला पगाराचं काम आणि एक भाड्याची खोली मिळाली तर तिचं कॉलेज राहणार, नाहीतर शिवणकाम.

मुरलीपुऱ्यात एक रोजगार सहायता केंद्र आहे, असं तिला कोणी सांगितलं होतं. फुकट. आठवड्यातून तीन दुपारी वर्ग, नोकरी शोधायची तयारी करून घेतात आणि पुढे जागा असेल तिथे पाठवतात. जाऊबाईंना सांगितलं तर त्या हसल्या. “जा की. दुपारचा तुला वेळच असतो.” दुपारी मी पापड, मसाले, लोणची, इस्त्री आणि संध्याकाळच्या खाण्याची तयारी करत असे. तोच तो वेळ.

केंद्र मोटारीच्या सीटकव्हरच्या दुकानावर होतं. खाली दिवसभर शिवणयंत्रं चालत, त्यामुळे वर जे शिकवलं जाई त्याला सारखी थरथर असे. भिंतीवर टाय लावलेल्या एका माणसाचं चित्र होतं. तो हात पसरून आकाशाकडे बघत होता. त्याला नोकरी लागली होती की सुटली होती, ते चित्रावरून कळत नव्हतं. शिकवायला एक मॅडमजी, माझ्या मुलीपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठी. आम्ही पंधरा-वीस बायका. माझ्या शेजारी घुंगट घेणारी एक उंच बाई बसे. लहंग्यांना गोट्याची, म्हणजे जरीच्या फितीची, किनार लावायचं काम तिने आयुष्यभर केलं होतं आणि आता डोळे साथ देत नव्हते. घुंगटाच्या आत तिची जीभ फार चांगली होती.

पहिल्या दिवशी मॅडमजीने प्रत्येकीचा बायोडाटा करायला घेतला. माझी पाळी आली.

“आंटीजी, पहले कहाँ काम किया?”

“कहीं नहीं जी. घर में.”

“अपने घर में?”

“जेठजी के.”

“क्या करती थीं?”

मी सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला, कारण ती सारखी ‘जरा ज़ोर से’ म्हणत होती. शेवटी तिने विचारलं, पगार किती होता. मी म्हटलं, नव्हता. सुट्टी? नव्हती. तिने मोठ्या दुःखाने अनुभवाच्या जागी शून्य लिहिलं.

घुंगटातून आवाज आला, “तनखा नहीं, छुट्टी नहीं. नौकरी थोड़ी थी बहनजी, ससुराल था.”

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी शब्दांत तिने ते सांगितलं होतं.

मग छंद विचारले. बायोडाट्यात छंद लागतात. मी म्हटलं, नाही जी. ती म्हणाली, काहीतरी असेलच, फावल्या वेळात काय करता? मी पापड म्हणाले. तिने ‘कुकिंग’ लिहिलं. म्हणजे नऊ वर्षांचा स्वयंपाक अनुभवात बसला नाही, पण छंदात बसला. कुठेतरी बसला हे महत्त्वाचं.

त्यानंतर आत्मविश्वास. आत्मविश्वास दर बुधवारी असे. ताठ बसायचं, खुर्चीच्या टोकाला टेकायचं नाही, नमस्कार स्पष्ट म्हणायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. हे शेवटचं मला जमेना. मी लोकांच्या चपलांकडे बघून बोलते. आमच्या कॉलनीतल्या सगळ्या चपला मी ओळखते. मॅडमजी म्हणाली, “घर पे प्रैक्टिस कीजिए. रोज़ एक आदमी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्या भैयापासून सुरुवात केली. पातेलं पुढे केलं, मान वर केली, त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं आणि स्पष्ट आवाजात म्हटलं, “एक लीटर.”

त्याचा चेहरा उतरला. “कसम से बहनजी, आज पानी नहीं मिलाया.”

महिनाभर दूध चांगलं आलं. आत्मविश्वासाचा माझ्या हाती लागलेला पहिला फायदा तो.

मॅडमजीने असंही सांगितलं की घरात कोणी मोठं माणूस असेल तर त्यांच्यासमोर मुलाखतीची तालीम करा. साहेबांनी नोकरीत कितीतरी लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांना हे कळल्यावर ते एकदम खुशीत आले. नऊ वर्षांत त्यांनी मला ‘मीठ’ आणि ‘अजून एक पोळी’ याखेरीज फारसं काही विचारलं नव्हतं. रविवारी सकाळी दिवाणखान्यात सोफ्यावर ते बसले, बाजूला जाऊबाई. मला समोर स्टुलावर बसवलं.

“हं. स्वतःबद्दल सांगा.”

ते मला अहो-जाहो करायला लागल्याने मी जास्तच घाबरले. म्हटलं, “आपल्याला माहीतच आहे.”

“मला माहीत नाही असं समजून सांगा.”

हे समजायला मला अवघड गेलं नाही. मी थोडं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “तुमची सर्वांत मोठी कमतरता कोणती?”

मी विचार करत होते तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, “बोलत नाही. घुमी आहे. आणि तेल जास्त घालते.”

“तू नको सांगूस, उमेदवाराला सांगू दे. बरं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?”

पाच वर्षांनी मुलगी नर्स झालेली असेल आणि मी तिच्या घरी खिडकीपाशी बसून दुसऱ्या कोणी केलेला चहा पीत असेन, असं माझ्या मनात आलं. पण चहाच्या विचाराबरोबर घड्याळाकडे लक्ष गेलं. साहेबांच्या दुसऱ्या चहाची वेळ टळून गेली होती. तोंडातून निघालं, “चहा ठेवू का?”

“आलं घाल,” जाऊबाई म्हणाल्या.

मी उठले, चहा केला, ट्रेमधून आणला, दोघांना दिला आणि परत स्टुलावर बसले. साहेबांनी एक घोट घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, “एक लक्षात ठेवा. उमेदवाराने मुलाखतीच्या मध्ये उठून जायचं नसतं. वाईट दिसतं.” मग त्यांनी दुसरा घोट घेतला. “चहा छान झालाय.”

मला दहापैकी चार गुण मिळाले. त्यातला एक बहुतेक आल्याचा होता.

मार्चमध्ये मॅडमजी म्हणाली की दुर्गापुऱ्यात नोकरी करणाऱ्या मुलींचं एक वसतिगृह आहे, त्यांना जेवण बनवणारी बाई हवी आहे. पगार चांगला. पण त्यांना अनुभव पाहिजे आणि ओळखीच्या एका माणसाचा हवाला पाहिजे. नातेवाईक चालणार नाही. तिने माझ्या बायोडाट्यावरच्या शून्याकडे बघितलं. “आंटीजी, जयपूर में आपको रिश्तेदारों के अलावा कौन जानता है?”

मी खूप विचार केला. मराठी मंडळातली निम्मी माणसं माझ्या हातचं जेवून वाढली होती, म्हणजे रुंदीने. पण मला ओळखणारं कोणी नव्हतं. त्यांनी मला नऊ वर्षं पाठमोरी पाहिलं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून पाणी मागताना जेवढी दिसते तेवढी. रस्त्यात भेटले असते तर मी उलटी फिरून उभी राहिले असते तेव्हाच त्यांना ओळख पटली असती. दूधवाला ओळखत होता, पण तो माझ्याबद्दल काय सांगेल याची खात्री नव्हती.

मॅडमजीने मार्ग काढला. “जिनके घर में रहती हैं, उन्हीं से बात करती हूँ. रिश्ता मैं नहीं पूछूँगी, वो ना बताएँ. बस इतना बोल दें कि आपने उनके यहाँ खाना बनाया है.”

तिला हे सोपं वाटलं. मला नाही. माझ्या जाऊबाईंनी दुसऱ्या माणसापाशी ‘स्वयंपाक ती करते’ असं म्हणायचं होतं, आणि तेही आवाज मोठा करून, कारण खाली शिवणयंत्रं चालू होती.

तिने फोन स्पीकरवर लावला. जाऊबाईंनी उचलला. मॅडमजीने माझं नाव सांगून विचारलं, ही तुमच्याकडे काम करत होती का?

जाऊबाई गप्प झाल्या. त्यांना मी गप्प झालेलं कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांची अडचण कळत होती. ‘हो’ म्हणाल्या तर पगार किती देता हा पुढचा प्रश्न होता. ‘नाही, घरचीच आहे’ म्हणाल्या तर माझी नोकरी जाणार आणि मुलीसकट मी भुवनेश्वरला त्यांच्या गळ्यात. आणि ‘स्वयंपाक ती करते’ हे तर त्यांच्या तोंडातून निघणंच शक्य नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, “देखिए, काम नहीं करती थी. सीखती थी. मैंने सिखाया है उसको. नौ साल.”

“अच्छा, मतलब ट्रेनिंग?”

“हाँ, ट्रेनिंग ही समझिए.” आवाजाला एकदम तेज आलं. “मैं किसी को ऐसे ही नहीं सिखाती. जयपूर में पूछ लीजिए किसी भी मराठी फ़ैमिली से. मेरे हाथ की वांगी, पुरणपोळी… उसका हाथ अब ठीक हो गया है. शुरू में तो बहुत तेल डालती थी.”

“आजकल?”

“आजकल मेरे जैसा ही बनाती है.”

मॅडमजीने फोन ठेवला, शून्य खोडलं आणि तिथे लिहिलं, ‘प्रशिक्षण, नौ वर्ष’. तिला फार आनंद झाला. “आंटीजी, आपने बताया क्यों नहीं?”

घुंगटातली बाई मला कोपराने ढोसून म्हणाली, “फ़ीस तो नहीं माँगेगी अब?”

मी घरी गेले. जाऊबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आला होता हं त्यांचा फोन. सांगितलं मी चांगलं.” मी म्हटलं, “हो जी, ऐकलं.” त्या रात्रीची आमटी मी जरा जास्त तेलात केली.

एप्रिलच्या सुरुवातीला दुर्गापुऱ्याला बोलावलं. मी पाठ केलेली सगळी उत्तरं बसमध्ये पुन्हा म्हटली. माझी ताकद, माझी कमतरता, पाच वर्षांनी मी. तिथे कोणी काही विचारलं नाही. वॉर्डनबाईंनी मला सरळ स्वयंपाकघर दाखवलं आणि म्हणाल्या, पंधरा जणींचं करा, एक वाजता कमिटी जेवेल. बुधवारचा सगळा आत्मविश्वास पिशवीत तसाच राहिला.

एका टोपलीत लहान जांभळी वांगी होती. ती बघून माझा जीव भांड्यात पडला. मी भरली वांगी करायचं ठरवलं. शेंगदाणे, तीळ, खोबरं भाजलं. माझ्या पिशवीत एक छोटी डबी होती, जवसाच्या पुडीची. आमच्याकडे वांग्यात जवस लागतंच. आईकडून माझ्याकडे आलेली सवय. जाऊबाई माहेरच्या पुण्याकडच्या, त्यांना सुरुवातीला जवस आवडायचं नाही, औषधासारखं लागतं म्हणायच्या. पाहुण्यांनी वाहवा केल्यावर आवडायला लागलं.

वाढताना चूक झाली. हाताला सवय, मी ताटात आधी डावीकडे चिमूटभर मीठ वाढलं, मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, असं जसं आमच्याकडे वाढतात तसं. वॉर्डनबाई मिठाकडे संशयाने बघत राहिल्या.

“नमक अलग से? सब्ज़ी में डाला नहीं क्या?”

“डाला है जी.”

“तो ये किसलिए?”

हा प्रश्न केंद्रात तयार करून घेतला नव्हता. मी म्हटलं, “ऐसे ही रखते हैं.” हिशेब बघणाऱ्या बाईंनी लगेच ते मीठ भाजीत कालवलं, मग भाजी खारट लागते म्हणाल्या. मला वाटलं, संपलं. एवढ्याशा मिठाने शिवणकाम.

तेवढ्यात कमिटीतल्या तिसऱ्या बाई आल्या. दवाखान्यातून थेट आल्या होत्या, हातात पांढरा कोट. मी त्यांच्या चपला बघितल्या आणि लगेच ओळखल्या. तपकिरी, पुढून मिटलेल्या, उजवीचा पट्टा बदललेला. दर गणपतीला आमच्या बंगल्याच्या व्हरांड्यात असत. मराठी डॉक्टरीणबाई. वांग्याची दुसरी वाटी नेहमी मागणाऱ्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काही ओळख नाही. अर्थात, मी त्यांच्याकडे तोंड करून उभी होते.

त्या जेवायला बसल्या. ताटातलं मीठ बघून थांबल्या. मग वांगं फोडलं, घास घेतला आणि थेट मराठीत म्हणाल्या, “यात जवस आहे.”

“हो जी.”

“जयपुरात वांग्यात जवस घालणारं एकच घर मला माहीत आहे. तुम्ही कुठे शिकलात?”

वॉर्डनबाईंच्या हातात माझा बायोडाटा होता. त्यांनी हवाल्याच्या रकान्यातलं जाऊबाईंचं नाव वाचून सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला.

“वहिनींकडे? तुम्ही वहिनींच्या हाताखाली शिकलात?”

मला खरं सांगता आलं असतं. शब्द तयारही होते. पण मुलीचं टेबल अजून गव्हाच्या पिंपावर होतं, आणि खरं सांगून ही बाई मला खोटारडी समजली असती तर ते टेबल पुढच्या महिन्यात ट्रकमध्ये चढलं असतं. मी मान वर केली. मॅडमजीने शिकवल्याप्रमाणे त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

“त्यांच्याच स्वयंपाकघरात,” मी म्हटलं. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

डॉक्टरीणबाई बाकीच्या दोघींकडे वळल्या. “इन्होंने जिनसे सीखा है ना, उनके जैसा खाना जयपूर में कोई नहीं बनाता. प्लीज़, सोचिए मत, रख लीजिए.” मग माझ्याकडे बघून त्या प्रेमाने म्हणाल्या, “छान झालीत वांगी. आता वहिनींच्या हातची सर नाही, ते तुम्हालाही माहीत असेल. पण येईल हळूहळू.”

“प्रयत्न करीन जी,” मी म्हटलं.

त्यांनी दुसरी वाटी मागितली.

महिन्याच्या एक तारखेपासून काम ठरलं. केंद्रात मॅडमजीने माझा फोटो त्या टायवाल्याच्या शेजारी चिकटवला आणि सगळ्यांना लाडू वाटले. बायका गेल्यावर तिने हळूच विचारलं, “आंटीजी, आपके हॉस्टल में ऑफ़िस की कोई जगह है क्या? मेरा यहाँ का काम इसी महीने ख़त्म हो रहा है.” मी विचारते म्हटलं. तिचा बायोडाटा चांगला होता. छंद बरेच होते.

दुर्गापुऱ्यातच, वसतिगृहापासून चालत जाता येईल अशी खोली मिळाली. घरमालकाला दोन महिन्यांचं भाडं आगाऊ हवं होतं. माझ्याकडे नव्हतं. जाऊबाईंनी दिलं. त्या म्हणाल्या, “घरच्यांत उसनं कसलं गं. ठेव. आणि महिन्याला किती देशील?”

निघायच्या आधीच्या आठवड्यात एक वेगळंच झालं. मी वांगी चिरत होते. जाऊबाई आत आल्या, दार लोटून घेतलं आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं पाहुणे येणार असतील, पीठ लावायला आल्या. पण त्या नुसत्या बघत राहिल्या.

“शेंगदाणे एवढे काळे भाजतेस?”

“हो जी. थोडे.”

“आणि जवस कधी घालतेस? आधी की नंतर?”

मी सांगितलं. त्यांनी फोन काढला आणि माझ्या हातांचा व्हिडिओ घेतला, चेहरा न घेता. रोज येऊ लागल्या. एक दिवस पुरणाचं पातेलं मी त्यांच्या हातात दिलं आणि घाटा म्हटलं. दोन मिनिटांत दंड दुखतो म्हणून खाली बसल्या. घामाने चेहरा लाल झाला होता आणि मनगटाला पुरण लागलं होतं, या वेळी खरं. मला त्यांची थोडी दया आली. नव्या गावात नवी माणसं जेवायला येणार, आणि प्रसिद्धी आधीच पोचलेली.

“तिकडे मला कोण मदत करणार?” त्या म्हणाल्या. नऊ वर्षांत ‘मदत’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, “फोन करा.”

त्यांनी केला. गणपतीत, ऐन सकाळी, वसतिगृहाच्या भाज्या फोडणीत असताना. आवाज बारीक, म्हणजे बाहेर पाहुणे बसलेले असावेत. “अगं, पुरण सैल झालंय. पोळी फाटतेय. काय करू?”

मी सांगितलं, परत गॅसवर ठेवा, कोरडं होईपर्यंत हलवत राहा, उलथणं मध्ये उभं राहिलं की उतरवा. मागून कोणा बाईचा आवाज आला, दीदी, किससे बात कर रही हैं? जाऊबाई हिंदीत म्हणाल्या, “जयपूर में मेरी एक स्टूडेंट है. उसको पुरण समझा रही हूँ.”

मी भाजी हलवत राहिले. डॉक्टरीणबाई त्या दिवशी जेवायला होत्या. ताट संपवून म्हणाल्या, “आज अगदी वहिनींची आठवण झाली.” मी म्हटलं, मलाही.

मुलीचं टेबल आता खिडकीपाशी आहे, चार पायांचं, जुन्या बाजारातून आणलेलं. सकाळी ती चहा करते. आलं जास्त घालते, पण मी काही बोलत नाही.

दिवाळीच्या आधी पगार झाला तेव्हा जाऊबाईंचा शेवटचा हप्ता मुलीने फोनवरून पाठवला. लगेच उत्तर आलं. मुलीने वाचून दाखवलं. ‘अगं कशाला एवढी घाई, घरच्यांत कसला हिशेब.’ त्याच्या खाली, मिनिटभराने, दुसरं आलं. ‘मिळाले. पूर्ण फिटले.’